पेशंट वर सरकवताना कंबर जाते, नेमकं काय बदलावं?

वॉर्ड_इन्चार्ज:
"गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा" हे प्रशिक्षण स्टाफला वेळोवेळी दिलं जातं, तरी कंबरदुखीच्या रजा थांबत नाहीत. रात्री वॉर्डात दोघीच असतात. कंबरेचे पट्टे मागवावेत का? लेबर रूमसाठीही सुचवा.

फिजिओ_४२:
पट्टे नकोत, त्यांनी दुखापत टळते असं सिद्ध झालेलं नाही. ते प्रशिक्षण खोकी उचलायला ठीक आहे. पेशंट मध्येच हलतो, घट्ट धरायला कुठे कडा नसते, शिवाय हात लांब करून ओढावं लागतं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्रावरून २००७ मध्ये काढलेली मर्यादा आहे एका व्यक्तीमागे १६ किलो, तीही सगळं अनुकूल असताना. म्हणजे दोघींनी मिळून ७० किलोचा पेशंट उचलणं मुळातच हिशेबात बसत नाही. उचलू नका, सरकवा.

स्लाईड शीट (पेशंटखाली घालायची निसरडी चादर) घ्या. आधी ब्रेक लावा, डोक्याकडची बाजू सपाट करा (हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं, मग चढावर ओढल्यासारखं होतं), बेड कंबरेच्या पातळीवर आणा. पेशंटला कुशीवर वळवून शीट खांद्यापासून मांड्यांपर्यंत घाला. दोघी दोन बाजूंना, एक पाय पुढे एक मागे. तीन म्हणताच शरीराचा भार उशाकडच्या पायावर न्या. हातांनी खेचायचं नाही.

रात्रपाळी:
एक भर घालते: काम झालं की शीट लगेच काढायची. राहिली तर पेशंट आपोआप खाली घसरतो, आणि कडेला बसवताना तर थेट पडू शकतो.

सुईण_ताई:
लेबर रूममध्ये खरा घात पाय धरण्यात होतो. एका पायाचं वजन शरीराच्या साधारण १६ टक्के, म्हणजे ८० किलोच्या बाईचा पाय जवळपास १३ किलो. एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीतून दिलेली भूल) असेल तर तो पूर्ण सैल, आणि कळा देताना अर्धा-पाऊण तास धरायचा! पायासाठी आधार लावा किंवा तिला कुशीवर घेऊन पायांमध्ये उशा द्या. टाके घालताना स्टूलवर बसा, बेड कोपराच्या उंचीला आणा, दिवा आधी लावा. उजेड कमी असला की मान आपसूक खाली जाते.

वॉर्ड_इन्चार्ज:
आमच्या काही बेडची उंची बदलतच नाही.

फिजिओ_४२:
मग ज्यांना वारंवार सरकवावं लागतं ते पेशंट उंची बदलणाऱ्या बेडवर घ्या, आणि स्वतः चालणारे जुन्या बेडवर. नवीन खरेदीआधी एवढं तरी आजच करता येईल.