चार्ल्स पर्स यांना कायमची प्राध्यापकी का मिळाली नाही?

अभ्यासिका:
मी तत्त्वज्ञानात एम.ए. करते आहे. फलप्रामाण्यवादावरील (कल्पनेचा अर्थ तिच्या व्यावहारिक परिणामांवरून ठरवावा, या विचारावरील) प्रकरणात चार्ल्स पीअर्स, विल्यम जेम्स आणि जॉन ड्यूई ही तीन अमेरिकन तत्त्वज्ञांची नावे एकत्र येतात. जेम्स यांनी हार्वर्डमध्ये आणि ड्यूई यांनी शिकागो व कोलंबिया येथे दीर्घकाळ अध्यापन केले. पण ज्यांनी या विचाराची मांडणी प्रथम केली, त्या पीअर्स यांच्या नावापुढे एकही कायमचे पद दिसत नाही. वडील बेंजामिन हे हार्वर्डमधील गणिताचे नामवंत प्राध्यापक होते, म्हणजे ओळखीपाळखीचीही वाण नव्हती. काही ठिकाणी त्यांच्या तापट स्वभावाचे कारण दिले आहे, तर काही ठिकाणी घटस्फोटाचे. यांपैकी खरे कारण कोणते मानावे?

जुने पान:
आधी एक छोटी दुरुस्ती सुचवतो. मराठी पुस्तकांत ‘पीअर्स’ असे छापले जात असले, तरी त्या घराण्यात आडनावाचा उच्चार ‘पर्स’ असाच होता.

त्यांना विद्यापीठात शिकवायला मिळालेला सलग काळ म्हणजे जॉन्स हॉपकिन्समधील 1879 ते 1884 ही पाच वर्षे. तीही तर्कशास्त्राचे अर्धवेळ व्याख्याते म्हणून. पोटापाण्याची मुख्य नोकरी अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्यात होती आणि तेथे लंबकाच्या आंदोलनांवरून ठिकठिकाणचे गुरुत्वाकर्षण मोजण्याचे काम त्यांच्याकडे होते. पहिल्या पत्नीने घर सोडून सात-आठ वर्षे उलटल्यावर एप्रिल 1883 मध्ये रीतसर घटस्फोट झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यांनी ज्युलिएट यांच्याशी विवाह केला. विवाहापूर्वीच हे दोघे एकत्र राहत होते, ही गोष्ट खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांनी विद्यापीठाच्या एका विश्वस्तांच्या कानावर घातली. न्यूकम हे बेंजामिन पर्स यांचेच विद्यार्थी होते, हे मला फार बोचते. 1884 मध्ये नेमणुकीची मुदत वाढवली गेली नाही. त्यांच्या अध्यापनाविषयी तक्रार असती तर गोष्ट वेगळी होती. तसे काहीच घडले नव्हते.

लंबक:
जुने पान यांच्याशी सहमत आहे, पण त्या पाच वर्षांत काय घडले हे सांगितल्याशिवाय नुकसानाची कल्पना येणार नाही. 1883 मध्ये पर्स यांनी विद्यार्थ्यांच्या लेखांचा एक ग्रंथ संपादित केला. त्यात क्रिस्टीन लॅड आणि ऑस्कर मिचेल यांचे लेख आहेत, आणि ‘सर्व’ व ‘काही’ या शब्दांना चिन्हांच्या भाषेत बसवण्याचा जो प्रयत्न तेव्हा जर्मनीत तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे स्वतंत्रपणे करत होते, तो येथे गुरू आणि शिष्य मिळून करताना दिसतात. (लॅड यांचे संशोधन 1882 मध्येच पूर्ण झाले होते, पण स्त्री म्हणून विद्यापीठाने रोखून धरलेली डॉक्टरेट त्यांना 1926 मध्ये मिळाली.)

जोसेफ जॅस्ट्रो या विद्यार्थ्याबरोबर केलेला प्रयोग तर मुळातून पाहण्यासारखा आहे. बोटावर जाणवणारा दाब अगदी किंचित बदलायचा आणि तो वाढला की कमी झाला हे समोरच्याने सांगायचे. काहीच जाणवले नाही तरी अंदाजाने उत्तर द्यावेच लागे. आधी वाढवायचे की कमी करायचे, हे प्रयोग करणाऱ्याच्या मर्जीवर न सोडता पिसलेल्या पत्त्यांवरून ठरत असे. आज औषधांच्या चाचण्यांत रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडतात, त्यामागचा विचार येथे 1884 च्या सुमारास प्रत्यक्ष वापरलेला दिसतो. असा शिक्षक पुन्हा वर्गात उभा राहिला नाही.

अभ्यासिका:
मनःपूर्वक आभार. ड्यूईही त्याच सुमारास जॉन्स हॉपकिन्समध्ये होते ना? त्यांच्यावर पर्स यांचा प्रभाव तेथेच पडला असावा का?

जुने पान:
होते, पण पर्स यांचे तर्कशास्त्र त्यांना त्या वेळी फार गणिती वाटले. आपण त्यांचे किती देणे लागतो हे ड्यूई यांनी पुढे 1938 च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात मोकळेपणाने मान्य केले. डॉ. आंबेडकर कोलंबियात ड्यूई यांच्याकडे शिकले, त्यामुळे ही परंपरा आपल्याला तशी परकी नाही.

ओसरी:
सगळा दोष न्यूकम यांच्या माथी मारू नये, असे मला वाटते. पर्स यांना चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या असह्य वेदनांचा आजार होता, ते चटकन चिडत आणि सर्वेक्षणाचे अहवालही वेळेवर देत नसत. 1891 अखेर तीही नोकरी सुटली. मात्र कठीण स्वभावाची माणसे विद्यापीठांनी सांभाळून घेतल्याची उदाहरणे कमी नाहीत, म्हणून निर्णायक कारण मी 1883 च्या विवाहावरून उठलेला प्रवादच मानतो. हार्वर्डचे अध्यक्ष एलियट यांचे मत इतके प्रतिकूल होते, की विल्यम जेम्स यांनी 1898 मध्ये जमवून आणलेली व्याख्याने विद्यापीठाच्या आवारात न होता हार्वर्डच्याच केंब्रिज गावातील एका खासगी घरात झाली. हार्वर्डचे दार व्याख्यानांपुरते उघडले ते 1903 मध्ये. पेनसिल्व्हेनियातील मिलफर्डजवळच्या घरी 1914 मध्ये पर्स यांचे निधन झाले आणि त्यांची हस्तलिखिते ज्युलिएट यांच्याकडून शेवटी हार्वर्डनेच विकत घेतली.

परीक्षेसाठी वाचायचे असेल, तर कल्पना स्पष्ट कशा कराव्यात यावरील त्यांच्या 1878 च्या लेखापासून सुरुवात करा. तो सर्वसामान्य वाचकांच्या विज्ञान मासिकासाठी लिहिलेला असल्यामुळे पहिल्या वाचनातही बराचसा उमगतो.