शब्दचर्चा : गोड पाणी, गोडे पाणी आणि गोडेतेल

जळगावहून प्रश्न

नमस्कार मंडळी. एका सहल कंपनीची मराठी माहितीपत्रकं लिहायचं काम मी करते. दिवाळीनंतर आपल्या जळगाव-भुसावळकडचे २२ जण इटलीला चालले आहेत. त्यातला एक दिवस गार्डा सरोवराचा. सकाळी बोटीतून फेरी, दुपारी काठावरच्या घाण्यावर नवं ऑलिव्ह तेल चाखायचं, संध्याकाळी मुक्कामी परत. सोबत माहिती सांगणारा माणूस असेल. मूळ मजकूर इंग्रजीत होता. मी त्याचं मराठी केलं : 'गोड पाण्याचं सरोवर आणि गोड तेलाची चव.'

कच्चा मजकूर मंडळींकडे गेला आणि तासाभरात एका मावशींचा फोन आला. "ताई, मले शुगर हाये. ते गोड तेल मले चालीन ना?"

त्यांना काय सांगावं ते मला पटकन सुचेना, कारण त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी लिहिलं होतं त्याचा अर्थ तोच होत होता. मग वाटलं, 'गोडे पाणी' लिहायला हवं होतं का? पण 'गोड' आणि 'गोडे' यांत नेमका फरक काय? आणि वाण्याच्या यादीत आपण 'गोडेतेल' लिहितो, तोच शब्द ऑलिव्हच्या तेलाला चालेल का? चाखण्याच्या कार्यक्रमाला काय म्हणायचं हेही ठरत नाहीये. मजकूर छापायला द्यायचा आहे, तेव्हा जरा मदत करा.

चोपड्याहून

ताई, तुमच्या मावशींनी व्याकरणाचा मोठा धडा फोनवर दिला असं मी म्हणेन.

'गोड' हे विशेषण बदलत नाही. गोड आंबा, गोड बासुंदी, गोड पाणी. लिंग बदला, वचन बदला, ते तसंच राहतं. 'गोडा-गोडी-गोडे' हे मात्र 'खारा-खारी-खारे'सारखं चालतं. गोडा मसाला, गोडी विहीर, गोडे पाणी. खरा फरक सामान्यरूपात उघडा पडतो. 'गोड पाण्यातले मासे' असं कोणी म्हणत नाही, 'गोड्या पाण्यातले मासे' म्हणतो. तळण 'गोड तेलात' नसतं, 'गोड्या तेलात' असतं.

आता अर्थ बघा. गोड पाण्यात साखर असते. गोड्या पाण्यात साखर नसते, नुसतं मीठ नसतं. गोडेतेलात गोडवा नाही, कडूपणा नाही एवढंच. गोडं वरण म्हणजे तिखट, फोडणी, आंबट काही न घातलेलं. गोड्या मसाल्यातही साखरेचा कण नसतो, त्याचा नुसता झणका कमी. म्हणजे 'गोड' हा शब्द काय आहे ते सांगतो आणि 'गोडे' काय नाही ते सांगतो. एका मात्रेनं केवढा अर्थ फिरतो!

हे रूप कुठून आलं असावं? माझा आपला अंदाज असा की 'खारे'च्या जोडीनं राहून राहून 'गोड'लाही तोच प्रत्यय चिकटला. खारी विहीर, गोडी विहीर. गावात दोन्ही असतात आणि दोघींची नावं एकत्रच घेतली जातात.

धुळ्याहून

सर, नियम आवडला, पण एक अडचण आहे. गोडी शेव. आपल्याकडच्या कुठल्याही यात्रेत जा, गुळाच्या पाकातली गोडी शेव ढिगानं मांडलेली असते. तिच्यात चांगला गूळ असतो. 'काय नाही ते सांगणारा' हा अर्थ तिथे बसत नाही.

चोपड्याहून

खरं आहे, आणि हे उदाहरण माझ्या लक्षात यायला हवं होतं. सारंगखेड्याच्या यात्रेतून दरवर्षी शेव घरी येते. बचाव करायचाच तर एवढंच म्हणेन, की तीसुद्धा तिखट शेवेच्या जोडीनं उभी आहे. दुकानदार विचारतो, "तिखट देऊ की गोडी?" म्हणजे हे रूप जोडीतून निवड करताना येतं. खारे की गोडे, कडू की गोडे, तिखट की गोडी. 'अभाव सांगणारा' ही माझी व्याख्या जरा मागे घेतो. 'जोडीतला सौम्य भिडू' म्हणतो. गुळाचा पाक त्यात मावतो.

शहाद्याहून

घरात अहिराणी बोलणाऱ्यांकडे हा भेद इतका काटेकोर नाही. माझी आजी विहिरीचं पाणी पिऊन म्हणायची, "पानी गोड शे." त्यात साखर आहे असं कोणालाही वाटलं नाही. पण ती विहिरीच्या काठावर उभी राहून बोलत होती. छापील कागदाला काठ नसतो, म्हणून तिथे 'गोडे'च बरं.

पाचोऱ्याहून

सरोवर की तलाव, तेही ठरवून टाका. मेहरूण तलाव, धुळ्याचा नकाणे तलाव, आपल्या तोंडात तलावच बसलाय. तोरणमाळचा यशवंत तलाव नैसर्गिक मानतात, तरी त्यालाही तलावच म्हणतात. पण गार्डा इटलीतलं सगळ्यांत मोठं सरोवर आहे, ३७० चौरस किलोमीटर, आणि सर्वांत खोल जागी ३४६ मीटर. तलाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समोरचा काठ येतो. इथे सरोवरच लिहा.

आणि 'गोड्या पाण्याचं' हे मुद्दाम लिहायचं कारण आपल्या माणसांना सांगणं सोपं आहे. शाळेच्या सहलीला आपल्यातले कितीतरी जण लोणारला गेलेत. तिथलं सरोवर खारं आणि क्षारयुक्त. नावातच लोण, म्हणजे मीठ. पण त्याच विवराच्या कडेला 'धार' आहे, तिथे बारमाही झऱ्याचं पाणी पडतं आणि लोक ते ओंजळीनं पितात. वर गोडे, खाली खारे. ज्यानं ते पाहिलंय त्याला 'गोडे पाणी' समजावून सांगावं लागत नाही.

जळगावहून

हे फार छान झालं. लोणारचं उदाहरण मी माहितीपत्रकात घेतेच.

इटलीतल्या आमच्या माहीतगार बाईंना मी काल विचारलं, तुम्ही अशा पाण्याला काय म्हणता? त्या म्हणाल्या, 'आक्वा दोल्चे'. दोल्चे म्हणजे गोड! इंग्रजीत त्याला ताजं पाणी म्हणतात, पण इटालियन माणूस आपल्यासारखंच गोडं म्हणतो. पुढे त्या म्हणाल्या, तेल चाखणाऱ्यांच्या शब्दांतही 'दोल्चे' आहे. ज्या तेलात कडू, तुरट आणि झोंबणारी चव वरचढ नाही, त्याला दोल्चे म्हणायचं, आणि ते साखरेसारखं गोड नसतं असंही सांगितलं जातं. चोपड्याच्या सरांनी 'जोडीतला सौम्य भिडू' म्हटलं, तेच हे. गार्डाच्या काठचं तेल तसं सौम्य म्हणूनच ओळखलं जातं, मागाहून बदामासारखी चव येते म्हणतात. आणि जुन्या इंग्रजीत ऑलिव्हच्या तेलाला 'स्वीट ऑइल' म्हणायचेच. म्हणजे 'गोडेतेल' हा शब्द मी त्याला लावला तर वावगं होणार नाही, असं वाटायला लागलंय.

अमळनेरहून

ताई, थांबा. आमच्या घरात तीन पिढ्या घाणा होता, म्हणून दोन शब्द सांगतो.

'गोडेतेल' हा यादीतला शब्द आहे. माझ्या वडिलांच्या हातच्या याद्या अजून आहेत : 'गोडेतेल, रॉकेल, गूळ, मीठ.' दिव्याचं तेल वेगळं, खायचं तेल वेगळं, म्हणून ते गोडे. आमच्याकडे गोडेतेल म्हटलं की शेंगदाण्याचं. दुसरीकडे तिळाचं असेल, करडईचं असेल. तेल कोणतं ते त्या शब्दातून कळत नाही. तुमची मंडळी 'गोडेतेल चाखायला' इतक्या लांब जाणार म्हटल्यावर घरचे विचारतील, ते तर आपल्या बरणीत आहे!

मूळ शब्दाचं सांगायचं तर 'तेल' आलं 'तैल'वरून आणि तैल म्हणजे तिळाचं. इंग्रजी 'ऑइल'ही तसाच ऑलिव्हवरून आलेला. दोन्हीकडे एकाच बीचं किंवा फळाचं नाव सगळ्या तेलांना पडलं. आपल्याकडे त्यातून पुढे किती सुंदर शब्द झाले : खोबरेल, एरंडेल, करडेल. ऑलिव्हला आपण जुन्या अरबी नावानं जैतून म्हणतो, तेव्हा 'जैतुनेल' होऊ शकेल. पण नवा शब्द कागदावर जन्माला घालून तो तोंडात बसत नाही. मी 'ऑलिव्ह तेल'च लिहीन.

आता चाखण्याचं. 'आस्वाद' नको. आस्वाद घेणारा खूश व्हायला बसतो, तेल चाखणारा पारख करायला बसतो. आमचे आजोबा घाण्यातून निघालेल्या तेलाचे दोन थेंब डाव्या तळहातावर घ्यायचे, उजव्या अंगठ्यानं चोळायचे, हाताची ओंजळ नाकाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. मग जिभेच्या टोकाला अंगठा. सगळं मिळून अर्धा मिनिट. त्यानंतर तोंडातून एकच शब्द निघायचा. 'चोख', नाहीतर 'खवट'. कधी 'कुबट'. एकदा 'आंबूस' म्हणाले आणि अख्खी पोती मालकाला परत गेली.

शब्द हवाच असेल तर आपल्या बाजारातला आहे : वानगी. आडतीवर धान्याची मूठभर वानगी दाखवतात, तिच्यावरून भाव ठरतो. लेखात 'वानगीदाखल' लिहितो तोच शब्द. आपल्या शेजारी गुजरातीतही आहे, पण तिथे त्याचा अर्थ खाद्यपदार्थाकडेही गेला. 'तेलाची वानगी' म्हटलं की आपल्या माणसाला कळतं : थोडं द्यायचं, पारखायचं, मग घ्यायचं की नाही ते ठरवायचं.

जळगावहून

दादा, तुमच्या आजोबांचा तळहात वाचून अंगावर काटा आला, कारण तिथेही तसंच करतात. निळ्या काचेचा छोटा पेला असतो. रंग बघून मत बनू नये म्हणून निळा. तो तळहातात धरून दुसऱ्या हातानं झाकायचा आणि अंगच्या उबेनं तेल कोमट करायचं. परीक्षक लोक २८ अंशांच्या आसपास तापवून घेतात. मग वास. मग एक घोट जिभेवर, आणि दातांमधून हवा आत ओढायची, चहाचा फुरका मारतो तशी.

माझी अडचण पुढे आहे. चांगल्या तेलाचे तीन गुण मोजतात : फळाचा वास, कडूपणा आणि घशाला बसणारी झोंब. कडू असणं हा गुण! गोडेतेल म्हणजे जे कडू नाही ते, असं आपण वर ठरवलं. मग कडूपणासाठी वाखाणलं जाणारं तेल गोडे कसं? आणि त्या झोंबण्याला मराठीत काय लिहू? 'तिखट' लिहिलं तर मिरची आठवते.

भुसावळहून

'ठसका' लिहा. तिखट जिभेला लागतं, ठसका घशाला लागतो. मी मुलीकडे परदेशी असताना असं तेल प्यालो आहे. जीभ शांत असते आणि दोन क्षणांनी घसा धरतो, खोकला येतोच. ते ज्या घटकामुळे होतं त्याचं नाव ओलिओकँथल. ओलिओ म्हणजे तेल, कँथ म्हणजे बोचणारं. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की दुखण्यावरच्या आयबुप्रोफेन या औषधानं घशाला जी झोंब येते, तशीच ही असते. आपल्या माणसांना आधी सांगून ठेवा, ठसका लागला म्हणजे तेल खराब असं नाही. नाहीतर २२ जण पेला खाली ठेवून देतील.

आणि कडूचं म्हणाल, तर दोन वेगळे कडू आहेत. कडू बदामाचा कडू एक आणि मेथीचा कडू एक. पहिला आपण थुंकतो, दुसऱ्याची भाजी करतो. तेलाचा कडू मेथीतला.

धुळ्याहून

'एक्स्ट्रा व्हर्जिन'चं काय करणार आहात? मी एका बाटलीवर 'अतिरिक्त कुमारी' वाचलंय, तेवढं कृपा करून करू नका.

अमळनेरहून

तसं कुणी करू नये. त्या शब्दाला मोजमाप आहे : आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत, चवीत आणि वासात एकही दोष नको, आणि तेल नुसतं दाबून-फिरवून काढलेलं, रसायनानं नाही. 'पहिल्या धारेचं' म्हणायचा मोह होईल, पण तो शब्द आपल्याकडे दारूनं घेतलाय. 'एक्स्ट्रा व्हर्जिन' देवनागरीत तसाच ठेवा आणि खाली एका ओळीत लिहा : घाण्याचं, पहिल्या प्रतीचं, बिनखवट. 'बिनखवट'वर मी ठाम आहे. परीक्षकांच्या दोषांच्या यादीतला मोठा दोष खवटपणाच आहे, आणि त्या एका दोषासाठी मराठीइतका नेमका शब्द मला दुसरा माहीत नाही. खवट शेंगदाणा, खवट खोबरं, खवट तेल. लहान पोरालाही कळतं.

शहाद्याहून

एक राहिलं. मंडळींना तेल नुसतं पाजणार आहात की भाकरीबरोबर? आपण गरम खिचडीवर कच्चं तेल ओततो, कळण्याच्या भाकरीवर ठेचा ठेवून वरून तेलाची धार सोडतो. तेल न तापवता, चवीसाठी खाणारी आपली माणसं आहेत. त्यांना हे नवीन नाही. पण 'कच्चं तेल' हा शब्द मात्र छापू नका. वर्तमानपत्रांनी तो खनिज तेलाला देऊन टाकलाय.

जळगावहून

तिथे पावाच्या तुकड्यावर देणार आहेत. 'न तापवलेलं' लिहिते.

तुमच्या सगळ्यांच्या मदतीनं मजकूर असा झाला :

'सकाळी गार्डा या गोड्या पाण्याच्या सरोवरात बोटीतून फेरी. लोणारचं सरोवर खारं, हे गोडं. एवढ्या उत्तरेकडे ऑलिव्ह सहसा तग धरत नाही, पण या सरोवराच्या पाण्यानं थंडीची धार बोथट होते, म्हणून काठावर त्याच्या बागा आहेत. दुपारी घाण्यावर नव्या तेलाची वानगी. तेल एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे घाण्याचं, पहिल्या प्रतीचं, बिनखवट. चव किंचित मेथीसारखी कडू लागेल, घशाला ठसका बसेल. चांगल्या तेलाची ती खूण आहे. या तेलात साखर नसते.'

'गोडेतेल' मी काढून टाकलं. शेवटची ओळ मावशींसाठी. त्यांना फोनवर वाचून दाखवली. म्हणाल्या, "मंग बरोबर भाकरी बांधून घेते मी."

चोपड्याहून

उत्तम. छापखान्यात मात्र स्वतः जाऊन बघा. 'गोड्या'चा 'ड्या' त्यांना चुकीचा वाटतो आणि ते 'गोड' करून टाकतात. आमच्या शाळेच्या स्मरणिकेत 'गोड पाण्यातील मासे' असा लेख छापून आला होता.