आईचं रूट कॅनाल आणि खुर्चीची धास्ती: गॅस, गोळी की शिरेतून भूल?

गोदाकाठ
मंडळी, आईच्या (वय ६३) खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल करायचं आहे. दाढ ठणकतेय, वेदनाशामक गोळ्यांवर दिवस ढकलणं चाललंय. लहानपणी गावाकडे तिची दाढ नीट बधिर न करताच उपटली होती, ती धास्ती अजून गेलेली नाही. परवा डॉक्टरांनी खुर्ची मागे झुकवली, तशी तिने पदराने तोंड दाबून धरलं आणि उठून सरळ बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, सेडेशनचा, म्हणजे औषधाने गुंगी आणण्याचा विचार करा. बीपीची गोळी चालू आहे. बी१२ कमी निघालं होतं, त्याची इंजेक्शनं मध्यंतरी झाली. आम्ही नाशिकला राहतो. बजेट दाढेवर बसवायच्या कॅपसकट १२ हजार, त्यापुढे खरंच जमणार नाही. कुणाचा अनुभव?

डोंबिवलीकर
भूलतज्ज्ञ बोलावणारं क्लिनिक बघा आणि सरळ शिरेतून घ्या. मी ठाण्यात अक्कलदाढा काढल्या तेव्हा मिडॅझोलम हे गुंगीचं औषध दिलं होतं. भूलतज्ज्ञ बाई पूर्ण वेळ शेजारी, बोटाला ऑक्सिमीटर. डॉक्टर सांगतील तसं मी तोंड उघडत होतो म्हणे, मला काहीही आठवत नाही. बिल ३५ हजारांच्या घरात गेलं, पण आईपुढे पैसा काय?

गोदाकाठ
धन्यवाद, पण बजेट वर लिहिलंय.

तिखटमीठ
इतका खर्च कशाला? सासऱ्यांना आदल्या रात्री आणि सकाळी अल्प्राझोलाम ही मन शांत करणारी गोळी दिली होती. घरात होतीच. शांतपणे बसले, काम फत्ते.

टोरोंटोची सई
इकडे गॅस सर्रास देतात. नाकावर छोटा मास्क, पाच मिनिटांत अंग सैल पडतं, आणि काम झाल्यावर मी स्वतः गाडी चालवत घरी येते. भारतात अजून इतकी भीती का बाळगतात कळत नाही.

मेघदूत
गॅसला +१. मुलीच्या वेळी पुण्यात घेतला होता. मास्कला स्ट्रॉबेरीचा वास होता, ती खूश!

भाऊसाहेब निफाडकर
रूट कॅनालच्या फंदात पडू नका. त्रेसष्टाव्या वर्षी दाढ काढून टाकावी, विषय संपला. माझ्या दोन काढल्या, काही अडत नाही. तोवर लवंगेचं तेल लावा.

दंतवैद्य सांगली
थोडं सविस्तर लिहितो.

@तिखटमीठ, घरातली गोळी परस्पर देऊ नका, कळकळीने सांगतो. अल्प्राझोलाम शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, मेडिकलवाल्याला रजिस्टरमध्ये नाव लिहून ठेवावं लागतं ते उगाच नाही. साठीनंतर ती जास्त चढते, उतरायला वेळ लागतो आणि रात्री बाथरूमला जाताना माणूस पडतो. घोरण्याचा, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर धोका आणखी वाढतो. द्यायचीच तर दातांच्या आणि बीपीच्या डॉक्टरांनी मिळून ठरवावी, आणि दिवसभर सोबत कुणीतरी हवं.

गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन. मशीन ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊच देत नाही, शेवटी काही मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात आणि असर उतरतो. पद्धत चांगलीच आहे. पण नायट्रस ऑक्साइड शरीरातलं बी१२ निकामी करतं. ज्यांचं आधीच कमी आहे त्यांच्या मज्जातंतूंना इजा होऊ शकते. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी१२ किती जणांचं कमी असतं ते सगळ्यांना माहीत आहे. आईंची पातळी आधी पुन्हा तपासा. सर्दीने नाक बंद असेल तरी गॅसचा उपयोग नाही.

शिरेतून द्यायचं तर सहा तास उपाशीपोटी, भूलतज्ज्ञ, गुंगी उतरवणारं उलट औषध हाताशी, हे सगळं हवं. १२ हजारांत ते बसणार नाही.

आणि मुख्य गोष्ट: यातलं काहीही घेतलं तरी दाढ बधिर करण्याचं इंजेक्शन लागतंच. ठणकणारी खालची दाढ पटकन बधिर होत नाही, कधी दुसऱ्या जागी जास्तीचं इंजेक्शन द्यावं लागतं. डॉक्टरांना म्हणा, थांबा, तपासा, मगच ड्रिल लावा. त्या औषधात बहुतेक वेळा अ‍ॅड्रिनलिन असतं, त्याने थोडा वेळ छाती धडधडते. घाबरलेल्या माणसाला वाटतं, आता आपलं काही खरं नाही. हे आईंना आधीच सांगून ठेवा. बीपीची सकाळची गोळी चुकवू नका.

भटक्या
नायट्रसचा आणि दातांचा संबंध जुना आहे. १८४४ साली अमेरिकेत हार्टफर्डला होरेस वेल्स या दंतवैद्याने हा वायू घेऊन स्वतःचीच दाढ काढून घेतली होती.

मेघदूत
म्हणूनच म्हणतो, गॅसच घ्या. आणि कॅप झिर्कोनियाचीच (दातासारखी पांढरी, बिनधातूची) बसवा.

भाऊसाहेब निफाडकर
झिर्कोनिया म्हणजे लूट. आमच्या मेहुण्याची साधी धातूची कॅप आहे, अजून टणटणीत.

मी अनघा
पंचवटीतल्या केबीएच दंत महाविद्यालयात विचारलंत का? कॉलेजमध्ये खर्च कमी येतो. वेळ मोडतो, पण शिकणारे डॉक्टर समजावून सांगतात आणि वर त्यांचे सर बघतात.

डोंबिवलीकर
कॉलेजमध्ये आईला तासन् तास बसवणार? मी तरी बसवणार नाही.

गोदाकाठ
अपडेट. सांगलीच्या डॉक्टरांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. गॅस, गोळी, शिरेतली सुई सगळ्याला तिने नकार दिला. म्हणाली, "मला झोपवू नका, गुंगीही नको. तेव्हा मला धरून ठेवलं होतं. आता काय चाललंय ते मला कळलं पाहिजे." आम्ही इतके दिवस उलट्याच दिशेने शोधत होतो.

गल्लीतल्याच डॉक्टरीणबाईंकडे सकाळची पहिली वेळ घेतली. आधी हिरडीला बधिर करणारं जेल, मग अगदी सावकाश इंजेक्शन. खुर्ची अर्धीच झुकवली. हात वर केला की थांबायचं, असं ठरलं होतं. आईने पहिल्यांदा हात वर केला तो नुसता बाई खरंच थांबतात का ते बघायला. त्या लगेच थांबल्या. मग आणखी एक इंजेक्शन लागलं, पण पहिली बैठक पार पडली. रूट कॅनालचे साडेचार हजार, धातूवर सिरॅमिकच्या कॅपचे चार. पुढच्या बैठकीला एकटीच जाईन म्हणतेय.

दंतवैद्य सांगली
उत्तम. कॅपला उशीर करू नका, रूट कॅनाल झालेली दाढ चावताना फुटते.

डोंबिवलीकर
तरी शिरेतून घेतलं असतं तर एका बैठकीत मोकळ्या झाल्या असत्या.

तिखटमीठ
त्या डॉक्टरीणबाईंचं नाव व्यनि (खासगी निरोप) कराल का? सासऱ्यांची दुसरी दाढ आता दुखायला लागली आहे.