अकरा वर्षांच्या मुलांना दोन वेळ सराव?

बी-३०२: अकादमीने ११ वर्षांच्या बॅडमिंटन बॅचला आठवड्याचे सहा दिवस, पहाटे साडेपाच ते सात आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात असं वेळापत्रक दिलंय. आपल्या सोसायटीत तीन-चार घरांत हाच प्रश्न आहे. मुलांना झेपेल का?

डी-१०४, फिजिओ: साडेतीन गुणिले सहा म्हणजे २१ तास. ढोबळ नियम असा, की आखीव सरावाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त नसावेत. इथे ११. ही काही लक्ष्मणरेषा नाही, पण त्यापुढे गेलेल्या मुलांमध्ये अतिवापराच्या गंभीर दुखापती जास्त दिसल्या आहेत. शिवाय या २१ मध्ये शाळेचा पीटीचा तास, रविवारची मॅच, सुट्टीतला कॅम्प धरलेलाच नाही. अकादमी स्वतःचे तास मोजते, शाळा स्वतःचे. बेरीज कुणीच करत नाही. ती घरी, एका वहीत व्हायला हवी.

ए-६०१, कोच: ताई, बेरीज मान्य. पण सगळे तास एका मापाने मोजू नका. सर्व्हिस, नेटजवळचा खेळ, सावकाश शॅडो (शटलशिवाय हालचालींचा सराव) यांचा भार वेगळा आणि जंप स्मॅश (उडी मारून जोराचा फटका), खोल लंज (एक पाय लांब पुढे टाकून वाकणं), मल्टिफीड यांचा वेगळा. मल्टिफीडमध्ये शटलमागून शटल येत राहतं, मूल दमलं की लंजमध्ये गुडघा आत वळायला लागतो. तिथे थांबवायचं असतं, ‘अजून दहा’ म्हणायचं नसतं. आणि घाई कसली? जिम्नॅस्टिक्समध्ये फार लवकर सुरुवात होते, पण महिलांच्या सीनियर आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी तिथेही १९९७ पासून किमान वय १६ आहे. फिगर स्केटिंगने १५ ची अट टप्प्याटप्प्याने वाढवत २०२४-२५ च्या हंगामात १७ वर नेली.

डी-१०४, फिजिओ: म्हणूनच वहीत नुसते तास नकोत. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने मुलाला विचारा, ‘आज किती जड गेलं, ० ते १०?’ उत्तराला मिनिटांनी गुणा. ९० मिनिटं आणि ६ म्हणजे ५४०. आठवड्याची बेरीज मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहा. एकदम उडी दिसली की पुढचा आठवडा हलका. कोचसमोर विचारू नका, मूल आकडा कमी सांगतं.

सी-२०३: पण टाच किंवा गुडघा दुखतो म्हणाली मुलं, तर ते वाढीचं दुखणंच ना?

डी-१०४, फिजिओ: इथेच सगळ्यात जास्त चूक होते, काका. वाढीचं दुखणं बहुधा रात्री, दोन्ही पायांत, पोटऱ्या-मांड्यांत असतं, सकाळी मूल नेहमीसारखं पळतं. एका बोटाने जागा दाखवता येते, खेळताना वाढतं, चालताना लंगडतं, ते वेगळं. हाडाच्या टोकाशी मऊ वाढपट्टी असते आणि स्नायूचा दोर तिलाच ओढत असतो. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ आली, किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखलं, तर उड्या आणि लंज काही आठवडे कमी करा. पूर्ण झोपवून ठेवायची गरज सहसा नसते. पाठ मागे वाकवताना कंबर दुखत असेल आणि ते दुखणं दोन आठवड्यांत थांबलं नाही, तर सराव बंद करून डॉक्टर गाठा. वेगवान गोलंदाज आणि जिम्नॅस्ट मुलांमध्ये तिथे मणक्याला ताणाची चीर पडू शकते. वेदनाशामक गोळी देऊन कोर्टावर उतरवणं तर अजिबात नको.

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी उंची भिंतीवर नोंदवा. साधारण १२ व्या वर्षी मुलींची आणि १४ व्या वर्षी मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते. त्या काळात हातापायांचा अंदाज चुकतो, बसलेले फटके बिघडतात. आणि नेमके तेव्हाच ‘फॉर्म गेला’ म्हणून जादा तास लावले जातात!

सी-७०३, समुपदेशक: मला वाटतं, गुडघ्याआधी हे वेळापत्रक झोपेवरच अडतं. ६ ते १२ वयाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. पहाटे साडेपाचला कोर्टावर म्हणजे पावणेपाचला उठणं, म्हणजे पावणेआठच्या आत झोप. संध्याकाळचा सराव साडेसातला सुटतो. जेवण, अभ्यास कधी? आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण रिकामे हवेत, आणि वर्षात एकूण दोन-तीन महिने मुख्य खेळातून सुट्टी, एकेक महिन्याच्या तुकड्यांत चालेल. त्यात आपापलं हुंदडू द्या. मोठ्या मुलींची पाळी तीन महिने चुकली किंवा १५ व्या वर्षापर्यंत आलीच नाही, तर ‘खेळाडू मुलींचं असंच’ म्हणून सोडू नका. बऱ्याचदा खाणं शरीराच्या खर्चाला पुरत नसतं. सरावाच्या दिवशीच पोट दुखत असेल तर ओरडू नका. आणि मॅचनंतर घरी येताना गाडीत चुकांची उजळणी नको.

बी-३०२: मग अकादमीला नेमकं काय सांगायचं?

ए-६०१, कोच: पहाटेचं सत्र नको, संध्याकाळी चार दिवस पुरे. आठ तास होतात, मॅच आणि पीटीला जागा उरते. जंप स्मॅश आणि मल्टिफीड लागोपाठ दोन दिवस नकोत, हे स्पष्ट बोला. आणि महिनाभर सुट्टी घेतली तर बॅचमधली जागा राहील का, हे फी भरण्याआधी लेखी विचारा.