गोधडीची किनार : माप चुकलं तेव्हा काय केलंत?

मधले चौकोन नीट जुळतात, घरातले वा वा करतात, आणि किनार लावायला घेतली की गोधडी आपला खरा स्वभाव दाखवते. या धाग्यावर फजित्या लिहायच्या आहेत. यशोगाथा नकोत, त्यांचे फोटो सगळीकडे असतातच.

सुरुवात माझ्यापासून. भाचीसाठी गोधडी शिवत होते, ६० बाय ७८ इंच. किनारीसाठी चार इंचाच्या लांब पट्ट्या काढल्या, एका टोकापासून टीप मारत सुटले, दुसऱ्या टोकाला जे उरलं ते कात्रीने उडवलं. चारही बाजू पाऊण तासात उरकल्या. वाटलं, काय हात बसलाय आपला! मग फरशीवर पसरली. मधला भाग पोळपाटासारखा सपाट आणि कडा मात्र परकराच्या झालरीसारख्या. एक कोपरा दाबला की दुसरा उठतोय.

मग एकदाचा टेप घेतला. मधोमध लांबी ७८ भरली. डावी कड ७९, उजवी साडेएकोणऐंशी. कडेचे काही तुकडे उरेब, म्हणजे तिरके कापलेले होते, दहादा हाताळलेले होते, वर मी इस्त्री दाबून न ठेवता ओढत फिरवलेली. कापड सैलावणारच. आणि मी त्या सैलावलेल्या कडेला विचारून पट्टी कापली होती.

सगळं उसवलं, एक अख्खा रविवार. या खेपेला माप मधून घेतलं आणि दोन्ही पट्ट्या बरोब्बर ७८ च्या कापल्या. पट्टीची आणि कडेची निम्मी, मग पाव, मग आठवा हिस्सा अशा घड्या घालून खुणा केल्या, खुणेला खूण टाचली. गोधडी खाली, पट्टी वर. मशीनचे दात खालचं कापड जरा जास्त ओढतात, म्हणून जी बाजू सैल ती खाली ठेवायची. दीड इंचाचा झोळ कुठे गेला कळलंही नाही. उभ्या पट्ट्या लागल्यावर आडव्यांचं माप त्या पट्ट्यांसकट, पुन्हा मधूनच घेतलं. आता लिहा तुम्ही.

*

उलटी_टीप
किनारीच्या कापडावर हत्ती होते. चारही बाजूंना हत्ती आतल्या बाजूला पाय करून उभे राहतील असं ठरवलं होतं. तीन बाजूंचे उभे राहिले. चौथ्या बाजूचे शीर्षासन करतात. मुलगा म्हणाला, सर्कस आहे, राहू दे. राहू दिली.

*

वाकळवाली
मी साताऱ्याकडची, आमच्याकडं वाकळ म्हणतात. टेप कसला नि काय, सासूबाई वितीनं मोजायच्या. वीत, चार बोटं, झालं. पहिल्या वाकळेला मी शहाणपणा केला. नऊवारी लुगड्याचे काठ आधीच मापात कापून ठेवले, की शेवटाला किनार लावू. आत चार थर जुन्या कापडाचे, हातानं धावदोरा. धावदोरा घालत जाल तसं कापड आखडतं हे कुणी सांगितलंच नाही. वाकळ पुरी झाली तोवर लांबीत चांगली वीतभर कमी झालेली आणि काठ लांबच्या लांब. काठ कापायला जीव होईना, सासूबाईंच्या लग्नातलं लुगडं ते.

त्यात मी टाके कडेकडून आत घालत आले, थर नीट टाचले नव्हते. सगळा सैलपणा पुढं सरकत सरकत मधोमध गोळा झाला. बैलाच्या वशिंडासारखा फुगा! सासूबाई बघून एवढंच म्हणाल्या, "उशी आतच घातलीस व्हय?" काठाची जादा लांबी शेवटी कोपऱ्यांवर त्रिकोणी दुमडून घेतली. लोकांना ते मुद्दाम केलेलं डिझाईन वाटतं.

*

सव्वासोळा
वाकळवाली ताई, वशिंड वाचून चहा सांडला.

मी पुरुष, निवृत्त, पेशाने मोजमापवाला. तरीही हे घडलं. मधला भाग ५६ बाय ७२ इंच, किनार चार-चार इंची चौकोनांची. हिशेब सोपा, उभ्या बाजूला १८ चौकोन, आडव्या बाजूला १४. कापताना अर्धा इंच शिलाईचा धरून साडेचारचे चौकोन कापले. जोडले. उभी पट्टी दोन इंचांहून जास्त आखूड!

कापणी तपासली, बरोबर. मग टीप तपासली. मशीनच्या पायाची कड म्हणजे सुईपासून पाव इंच असं मी गृहीत धरलं होतं. ती होती पाव इंच अधिक एक षोडशांश. एवढ्याशा फरकाने काय होतं? प्रत्येक जोडात दोन्हीकडच्या चौकोनातून तेवढं जातं, म्हणजे एका जोडाला एक अष्टमांश. १८ चौकोनांना १७ जोड, सतरा अष्टमांश म्हणजे सव्वादोनला थोडेच कमी. गणित माझ्यासमोर उभं राहून हसत होतं.

सगळे जोड उसवायची हिंमत नव्हती. प्रत्येक बाजूला एक चौकोन वाढवला. आता पट्टी मोठी झाली, म्हणून मधल्या भागाभोवती एक बारीक साधी पट्टी फिरवली आणि त्यालाच किनारीच्या मापाला आणलं. ती पट्टी वर-खाली पाऊण इंचाहून जरा जास्त, बाजूंना सव्वा इंचाला जरा कमी अशी आली. हा पाव इंचाचा फरक आजवर कुणाला दिसलेला नाही. मला रोज दिसतो.

आता नवीन काम काढण्याआधी दीड इंचाच्या तीन चिंध्या जोडून बघतो. मधली बरोबर एक इंच दिसली तर पुढे.

*

स्टुटगार्टकर
इकडे नमुने इंचात मिळतात आणि माझी मॅट नि पट्टी सेंटिमीटरची. अडीच इंच म्हणजे ६.३५ सेंमी. मी म्हटलं, सहा धरू, कुठे ते दशांश. २४ पट्ट्यांची किनार होती. साडेतीन मिलिमीटर गुणिले २४, म्हणजे आठ सेंटिमीटरच्या वर तूट. चारही कोपऱ्यांत आता साधे मोठे चौकोन आहेत. विचारलं तर सांगते की युरोपात असंच असतं.

*

खणाची_हौस
माझं माप चुकलं नाही हो, कापड चुकलं. आईच्या जुन्या सुती साड्यांची गोधडी, शंभर धुण्यांतून गेलेल्या. किनारीला हौसेने कोरा सुती खण घेतला, मरून. धुवायला कोण थांबतंय, तशीच लावली. अगदी सपाट बसली होती, मूळ धागाकर्त्या ताईंच्या शब्दांत पोळपाट. पहिल्या धुण्यात मधल्या साड्या होत्या तशा राहिल्या, खण आटला. किनारीने चारही बाजूंनी गोधडीला मुठीत धरलं आणि तिची परात झाली. मरून रंग आईच्या फिकट अबोली साडीवर उतरला तो वेगळाच. त्याच्यावर उपाय सापडलेला नाही, असल्यास सांगा. आता कोरं कापड आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात घालते. रंग त्याने थांबतो असं मी म्हणते, बहीण म्हणते नाही, पण आटायचं ते तिथेच आटतं.

*

धागाकर्ती
@खणाची_हौस, मीठ तुमच्या बहिणीच्या बाजूने. जो रंग सुटायचा तो सुटतोच. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुणं, एवढंच मला तरी जमलं.

*

दांडेलीहून
किनारीचा एवढा ताप वाचून सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, आठवली. इकडे हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला बघायला मिळते. त्या कोपऱ्यापासून, कडेकडूनच सुरुवात करतात आणि तुकडे लावत, टाके घालत आत आत येतात. मध्यावर संपली की झाली. किनार शेवटाला मापून लावायची भानगडच नाही. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुलं मात्र हवीतच, त्याशिवाय कवंदी उघडी समजतात. मी तशी एक करून पाहिली. वाकळवाली ताईंचं वशिंड माझ्याकडेही आलं.

*

निम्मी_शिंपीण
आईच्या शिवणाच्या डब्यातला टेप. पितळी टोक कधीतरी तुटलं होतं, पहिला इंच गायब, आकडे थेट १ पासून सुरू. आईला ते माहीत होतं, ती मनातल्या मनात एक वाढवून कापायची. मला तिने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. ती गेल्यावर पहिल्यांदाच त्या टेपने गोधडीची किनार कापली. ४० म्हणून कापलेली पट्टी ३९ ची. चारही बाजूंना एकेक इंच कमी. दोनदा मोजलं होतं. त्याच टेपने.

प्रत्येक पट्टी मधोमध कापून तिथे इरकलीच्या काठाचा एक बारका तुकडा बसवला. आधी कापला तो दोन जोडांचा मिळून एक इंच शिलाईचा विसरून, म्हणून पुन्हा दोन इंचाचा. टेप बदललेला नाही. त्याच्या तोंडाशी आता मार्करने लिहिलंय, "एक वाढव".