अनुभव धागा: देवाने अवघड सांगितलं तेव्हा

सर्वांना सलाम. रविवारी आमच्या भायखळ्याच्या मंडळीत (चर्चमध्ये) बायबलमधल्या उत्पत्ति 22 वर संदेश झाला. देवाने मुलाचाच बळी मागितला, तेव्हा अब्राहाम पहाटे उठून निघाला आणि तिसऱ्या दिवशी मोरियाची ती जागा त्याला दुरून दिसली. मला त्या मधल्या वाटेचंच राहून राहून वाटतं. मुलगा बरोबर चालतोय आणि बापाला कुणापाशी काही बोलता येत नाही. तशा वाटेने कुणी गेलं असेल तर लिहा. शेवट गोडच हवा असं नाही.

गिरगावहून
वडील गेल्यावर पागडीच्या खोलीवरून आम्हा भावांचं बोलणं तुटलं. भाडेपावती दादाने स्वतःच्या नावावर करून घेतली होती. प्रभुभोजनाच्या रविवारी मत्तय 5:23-24 वाचलं गेलं: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. नीट पाहिलं तर तिथे भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. चूक कुणाची, हे प्रभू विचारतच नाही. मला तेच जड गेलं, कारण माझी बाजू खरी होती.

उपासना संपल्यावर चर्नी रोडहून बोरिवली स्लो पकडली आणि कांदिवलीला उतरलो. वहिनींनी आतलं दार उघडलं, सेफ्टी डोअर लावलेलंच. जाळीतूनच म्हणालो, "दादा, खोलीचं बोलायला नाही आलो. तुला भेटायला आलोय." बराच वेळ कडी निघाली नाही. मग निघाली. चहा झाला, आईच्या आठवणी निघाल्या. पावती आजही त्याच्याच नावावर आहे. पण आईच्या स्मृतिदिनाला शिवडीच्या कबरस्तानात आम्ही दोघं बरोबर जातो.

वांद्र्याहून
मी नर्स आहे. ज्याने माझ्याविरुद्ध खोटी तक्रार केली होती, त्याचीच आई माझ्या वॉर्डात आली. सगळ्याजणी म्हणाल्या, ड्यूटी बदलून घे. मला दिमिष्कातला हनन्या आठवला. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या शौलाकडे जा, असं देवाने म्हटल्यावर त्याने आधी हरकतच घेतली होती आणि देवानेही ती ऐकून घेतली. पण "जा" हा शब्द काही मागे घेतला नाही. म्हातारीला कुशीवर वळवून पाठ पुसायची, पावडर लावायची, चादरीची सुरकुती काढायची. पहिले काही दिवस हात चालायचे, मन नाही. मुलाने माफी मागितली नाही. म्हातारीसाठी मात्र मी मिस्सेत (चर्चच्या उपासनेत) मनापासून प्रार्थना करू लागले.

दादरहून
यजमानांनी पक्की नोकरी सोडून देवाच्या सेवेत यायचं म्हटलं, तेव्हा मी आधी पाळकसाहेबांकडे आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे गेले. आत्म्यांची परीक्षा करा, असं 1 योहान 4:1 मध्येच आहे. मनात आलेला प्रत्येक विचार देवाचा नसतो. ना. वा. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे काही वर्षं पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. पाचारण एकाला होतं, झळ घरादाराला लागते. म्हणून घरच्यांनाही विचारायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही विचार करून, एकमताने निघालो.

भांडुपहून
मी छोटा कंत्राटदार. वाढीव बिल द्यायला नकार दिला आणि हातचं काम गेलं. त्याहून मोठं मिळालं असं लिहायला आवडलं असतं, पण अजून मिळालेलं नाही. हिने डबे सुरू केलेत, पहाटे कणीक मी मळतो. दानीएल 3 मधले ते तिघे, भट्टीत टाकायची धमकी देणाऱ्या राजाला सांगतात, आमचा देव सोडवील, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला नमणार नाही. सध्या आम्ही त्या "नाही सोडवलं तरी"पाशी आहोत. मुलांची फी भरायची आहे. प्रार्थनेत आठवण ठेवा, आणि भांडुप-मुलुंडकडे कुणाला डबा हवा असेल तर कळवा.