हातची गेलेली घड्याळे : आपले अनुभव लिहावेत

जुन्या घड्याळांचा नाद असलेली माणसे एकत्र आली की हल्ली दोनच विषय निघतात : अमुक मॉडेलचा भाव कुठे जाऊन पोहोचला आणि ते परवडत होते तेव्हा आपण काय करत होतो. हळहळ सगळ्यांनाच असते, पण ती नेमकी कशाची हे फारसे कोणी उलगडून सांगत नाही. म्हणून हा धागा काढला आहे. आपण कोणते घड्याळ विकले, कोणते घेता घेता सोडले, कोणते हाती असताना बिघडवले आणि भाव चढल्यावर त्या घड्याळाशी आपले वागणे कसे बदलले, हे सविस्तर लिहावे ही विनंती. आज काय घ्यावे याचे सल्ले मात्र येथे नकोत.

सुरुवात मीच करतो. १९९० च्या दशकात मी रोलेक्सचे जीएमटी-मास्टर, संदर्भ क्रमांक १६७५, वापरलेले घेतले होते. त्या काळी माझ्या ओळखीत त्याला ‘विंटेज’ म्हणणारे कोणी नव्हते. ते नुसतेच जुने घड्याळ होते. बेझेलवरच्या, म्हणजे तबकडीभोवतीच्या कड्यावरच्या, लाल-निळ्या चकतीचा रंग उन्हाने उतरला होता. लाल अर्धा फिकट गुलाबी आणि निळा अर्धा राखाडीकडे झुकलेला. मला तो दोष वाटत असे. शेवटी ते विकून, पदरचे पैसे घालून, मी सफायर काचेचे नवेकोरे घड्याळ घेतले. तेव्हा जी रक्कम हाती आली, तेवढ्यात आज तशा उतरलेल्या रंगाची मूळ चकती, म्हणजे घड्याळातला तो अॅल्युमिनियमचा एक पातळ तुकडा, मिळाला तरी पुष्कळ. ज्या फिकेपणापायी मी भाव पाडून दिला, त्याच फिकेपणासाठी आज लोक जास्तीचे पैसे मोजतात. तरीही पैशांचे मला एवढे वाटत नाही. ते आठ वर्षे माझ्या मनगटावर होते आणि मी त्याच्याकडे एकदाही नीट निरखून पाहिले नाही, याचे वाटते.

*

मी सत्तरी ओलांडली आहे, त्यामुळे माझी गोष्ट बरीच जुनी आहे. एका व्यापाऱ्याने माझ्यासमोर रोलेक्सची दोन डेटोना ठेवली होती, दोन्ही संदर्भ क्रमांक ६२३९ ची. एकाची तबकडी साधी होती. दुसऱ्याच्या लहान तबकड्यांमधल्या रेघांच्या टोकांना चौकोनी ठिपके होते, अंकांचे वळण वेगळे होते आणि बाहेरच्या कडेने वेगळ्या रंगाची पट्टी होती. ते दुसरे घड्याळ खपत नसल्यामुळे तो थोडे कमी घ्यायलाही तयार होता. मी साधे घेतले, कारण त्यातली वेळ पटकन वाचता येत होती. पुढे त्याच न खपणाऱ्या तबकडीला अमेरिकन अभिनेत्याच्या नावावरून ‘पॉल न्यूमन’ हे नाव पडले, आणि २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यू यॉर्कमध्ये फिलिप्स या लिलावसंस्थेच्या लिलावात न्यूमन यांचे स्वतःचे घड्याळ १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरना गेले. गाडी जपून चालवण्याविषयीचे शब्द मागच्या झाकणावर कोरून पत्नी जोअॅन वुडवर्ड यांनी ते त्यांना दिले होते.

मला अनेकदा विचारतात, की पश्चात्ताप होत नाही का? होतो, पण मी त्याला मूर्खपणा म्हणणार नाही. ती तबकडी दुर्मीळ झाली तीच मुळी माझ्यासारख्या गिऱ्हाइकांनी ती घेतली नाही म्हणून. सगळ्यांनी घेतली असती, तर ती भरपूर बनली असती आणि आज तिचे एवढे अप्रूप राहिले नसते. साधे ६२३९ अजून माझ्याकडे आहे आणि ते मी रोज सकाळी चावी देऊन वापरतो.

*

मी काही विकले नाही आणि काही सोडलेही नाही. माझे घड्याळ आजही माझ्याकडेच आहे, आणि तरी ते गेले आहे.

ते १९६० च्या दशकातले, पाण्यात खोल बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेले घड्याळ होते. त्याच्या तबकडीवरचे चमकणारे ठिपके ट्रिटियमचे होते. रेडियम धोक्याचे असल्यामुळे त्या सुमारास घड्याळांत त्याची जागा ट्रिटियमने घेतली. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२ वर्षांचे असल्यामुळे काही दशकांत त्याचा उजेड मालवतो, पण तो लेप हळूहळू सायीसारखा पिवळसर होत जातो. माझ्या घड्याळाचे ठिपके आणि काटे अगदी एका छटेचे झाले होते. सर्व्हिसिंगला देताना मी एकच तक्रार सांगितली, की अंधारात वेळ दिसत नाही. महिन्याभराने घड्याळ परत आले ते पांढऱ्याशुभ्र ठिपक्यांची नवी तबकडी, नवे काटे आणि आरशासारखी चकाकणारी केस, म्हणजे बाहेरचे धातूचे कवच, घेऊन. पट्टा जिथे जोडतात त्या टोकांवरून एक बारीक तिरपी कड उतरत असे. ती पॉलिशच्या चाकावर पार झिजून गेली होती. पावतीवर ‘जुने भाग परत नकोत’ या ओळीपुढे खूण होती आणि खाली माझी सही होती, जी मी न वाचता केली होती.

त्या दिवशी मी आनंदाने घरी आलो आणि ते घड्याळ सगळ्यांना कौतुकाने दाखवले, ही आठवण मला सर्वांत जास्त टोचते. तबकडी एखाद वेळी शोधून मिळेल, पण झिजलेला धातू परत येणार नाही. ‘पॉलिश नको, तबकडीला आणि काट्यांना हात लावू नका, काढलेला प्रत्येक भाग परत द्या’, एवढे एका कागदावर लिहून दिले असते तर पुरले असते.

*

२०२२ च्या सुरुवातीला, भाव रोज चढताना पाहून, मी कर्ज काढून एक घड्याळ घेतले. त्याच वर्षी बाजार उतरू लागला. हप्ते अजून चालू आहेत, आणि मुळात ते घड्याळ मला आवडले होते की त्याचा चढता भाव, याचे उत्तर मला आजही देता येत नाही.

*

मला लहान आकाराची घड्याळे आवडतात. मोठ्या घड्याळांची चलती होती, तेव्हा मी पातेक फिलिपचे कालात्रावा ९६ घेतले. हे मॉडेल १९३२ पासूनचे, जेमतेम ३१ मिलिमीटरचे, आणि त्या वेळी पुरुष संग्राहक ते बायकी म्हणून बाजूला सारत. मी ते कामावर, प्रवासात, सगळीकडे घालत असे. पुढे त्याचे भाव वाढले आणि विम्यासाठी मी मूल्यांकन करून घेतले. तो आकडा कळल्यावर मी आधी बसमध्ये बाही मनगटावर ओढून घेऊ लागले, मग ते फक्त समारंभांना घालू लागले आणि अखेर ते लॉकरमध्ये गेले. सहा वर्षांनी बाहेर काढून चावी दिली तर चार मिनिटे चालून थांबले. आतले तेल घट्ट झाले होते. दुरुस्ती सोपी होती आणि ते आता उत्तम चालते. पण त्या सहा वर्षांत माझे मनगट रिकामे राहिले, आणि चोरी तर कधी झालीच नाही.

*

माझा अनुभव घाईचा आहे. कॅलिबर ३२१ हे यंत्र असलेले ओमेगा स्पीडमास्टर मला हवे होते आणि भाव वाढत चालल्यामुळे आणखी थांबलो तर ते कायमचे हातचे जाईल, अशी धास्ती मनात बसली होती. विक्रेत्याने कंपनीच्या नोंदवहीचा उतारा दाखवला आणि मी निश्चिंत झालो. तो उतारा यंत्रावरच्या क्रमांकाचा असतो. ते यंत्र कधी बनले आणि कुठे पाठवले गेले हे त्यातून कळते, पण तबकडी, काटे आणि बेझेल पहिल्यापासूनचे आहेत की नाहीत याची खात्री त्याने होत नाही. त्या काळच्या बेझेलवर ९० च्या आकड्याजवळचा ठिपका शून्याच्या डोक्यावर असायला हवा. माझ्या घड्याळावर तो बाजूला आहे, म्हणजे बेझेल नंतरचे आहे. काटेही नंतरचे निघाले.

मोठमोठे जाणकारही फसतात. २०२१ मध्ये जिनिव्हातल्या लिलावात एक स्पीडमास्टर ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकला विकले गेले, आणि २०२३ मध्ये ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केले असल्याचे ओमेगानेच जाहीर केले. किंमत चढली की असे जोडकाम करणाऱ्यांचे फावते. मी ते घड्याळ विकलेले नाही. खरे सांगून विकायचे तर मोठा तोटा आहे, आणि न सांगता विकणे मला जमणार नाही.

*

वरचे अनुभव वाचून मलाही लिहावेसे वाटले. मी संग्राहक नाही, घड्याळजी आहे. सेको या जपानी कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी क्वार्ट्झचे, म्हणजे बॅटरीवर चालणारे, मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि पुढच्या दहा वर्षांत चावीच्या घड्याळांना कोणी विचारीनासे झाले. त्यातच जानेवारी १९८० मध्ये सोने औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेले. लोक सोन्याचे क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेली घड्याळे, घेऊन येत. आम्ही यंत्र काढून बाजूला ठेवायचो आणि केस तराजूत टाकायचो. वितळवलेल्या त्या केसेस आज असत्या तर त्यांचे मोल सोन्याच्या कितीतरी पट झाले असते. झेनिथ या स्विस कंपनीत शार्ल वेर्मो यांनी १९७५ मध्ये एल प्रिमेरो या क्रोनोग्राफ यंत्राची अवजारे पोटमाळ्यावर लपवून ठेवली, म्हणून ते यंत्र पुढे पुन्हा बनू शकले. आम्हा बहुतेकांना तसे काही सुचले नाही. माझ्या गुरूंनी तेवढी ती काढलेली यंत्रे तबकड्यांसकट कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवली, आणि प्रत्येक पुडीवर तारीख आणि गेलेल्या केसचे वजन लिहून ठेवले. तो डबा आता माझ्याकडे आहे.

त्यात वालजू ७२ नावाची काही क्रोनोग्राफ यंत्रे आहेत, ज्यांचे उत्पादन १९७४ मध्येच थांबले. तबकड्यांसाठी लोक मला चांगली रक्कम देऊ करतात, पण त्या कशासाठी हव्या असतात ते मला ठाऊक आहे, म्हणून मी त्या देत नाही. दुरुस्तीसाठी एखादे चाक किंवा स्प्रिंग मात्र जरूर देतो. गेल्या आठवड्यात एका ग्राहकाच्या क्रोनोग्राफची स्प्रिंग तुटली होती. मी एक पुडी सोडली. वर ‘१९ ग्रॅम’ लिहिलेले होते. स्प्रिंग काढून बसवली, सेकंदकाटा सुटला, थांबला आणि दट्ट्या दाबताच शून्यावर परत आला. पुडी पुन्हा बांधताना त्या वजनाखाली मी त्या दिवसाची तारीख आणि काढलेल्या भागाचे नाव लिहिले.